मुलांच्या वहीत कोण लिहिते?

पावसाळा ओसरला की आमच्या भागात स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. धर्मग्रामाचा सण, नाताळ, शाळेचे स्नेहसंमेलन, फेब्रुवारीतला मराठी भाषा गौरव दिन. निमित्त कोणतेही असो, वक्तृत्व, गायन व बायबल-प्रश्नमंजूषा यांच्या जोडीला निबंधलेखन आणि काव्यलेखन ठेवलेलेच असते. परीक्षक म्हणून फादर हवे असतात. फादरांना दोन ओळी लिहिता येतात असा एक समज आहे आणि फादरांना मानधन द्यावे लागत नाही ही वस्तुस्थिती आहे. अशा रीतीने गेली पंचवीस वर्षे मी मुलांचे निबंध तपासत आलो आहे.

या वर्षी माझ्यासमोर एकेचाळीस निबंधांचा गठ्ठा आला. विषय होता 'माझी आई'. या एकेचाळीस आयांपैकी तीसहून अधिक आया वात्सल्याचा सागर होत्या. बहुतेक सर्व आया पहाटे उठत, अंगणात सडा घालीत, आणि त्यांतील तीन माउल्या तुळशीला पाणीही घालीत होत्या. तुळशीविषयी माझ्या मनात आदरच आहे. शेजारच्या घरी ती असते आणि तिचा काढा मी स्वतः पावसाळ्यात घेतो. परंतु ज्या तीन मुलांनी हे लिहिले त्यांच्या घरांचे आशीर्वाद मी दर वर्षी जातीने करतो आणि त्या घरांच्या अंगणात क्रूस आहे, तुळस नाही. हा सडा, ही तुळस, हा सागर मुलांच्या घरातून आलेला नव्हता. तो बाजारात मिळणाऱ्या पुस्तकातून आला होता आणि मुलांनी तो प्रामाणिकपणे उतरवून काढला होता.

माझ्या धर्मग्रामातील आया मी ओळखतो. त्यांतील एक रात्रपाळीची परिचारिका आहे. ती सकाळी घरी येते तेव्हा मुले शाळेत निघालेली असतात. एक पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जाते. एक आखातात आहे आणि दोन वर्षांतून एकदा येते. एक गेले वर्षभर अंथरुणाला खिळून आहे व तिची चौथीतली मुलगी तिचे केस विंचरते. यांपैकी चौघींचीही मुले या स्पर्धेत होती. एकाही निबंधात लोकल नव्हती, आखात नव्हते, फणी नव्हती.

कवितांचे काय सांगावे? तेवीस कविता होत्या. झाडे लावा, पाऊस आला, देश महान आणि पुन्हा एकदा आई. दोन कविता शब्दशः सारख्या निघाल्या. दोन्ही घरांत एकच शिकवणी लागते असे मागाहून कळले. पाचवीतल्या एका मुलीच्या कवितेत 'क्षितिज' हा शब्द तीनदा आला होता. बक्षीस समारंभाच्या वेळी मी तिला सहज विचारले, "बाळ, क्षितिज म्हणजे काय ग?" तिने आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले. मी विषय बदलला.

वाचकहो, हा लेख मुलांवर ठपका ठेवण्यासाठी लिहिलेला नाही. मुले अतिशय हुशार असतात. मोठ्या माणसांना काय आवडते हे त्यांना फार लवकर कळते आणि तेच ती आपल्याला आणून देतात. ठपका आहे तो आपल्यावर: फळ्यावर निबंध लिहून देणाऱ्या शिक्षकांवर, मुलाच्या नावाने स्वतःची कविता पाठवणाऱ्या पालकांवर, आणि अशा लेखनाला वर्षानुवर्षे पहिले बक्षीस देणाऱ्या माझ्यासारख्या परीक्षकांवर. आपण मुलांना लिहायला शिकवत नाही. आपण त्यांना खूश करायला शिकवतो.

'निबंधमाला' हा शब्दच पाहा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली या नावाचे मासिक काढले आणि सात वर्षे जवळजवळ एकहाती चालवले. त्यांनी आपल्या मिशनऱ्यांना काही कमी फटकारले नाही. त्यांची अनेक मते मला पटत नाहीत. तरीही त्या पानांतून एक माणूस स्वतःचे मत स्वतःच्या जबाबदारीवर मांडतो आहे हे पदोपदी जाणवते. आज तोच शब्द परीक्षेपूर्वी पाठ करावयाच्या चोपडीच्या मुखपृष्ठावर छापलेला असतो, आणि आत फाटक्या पुस्तकाचे मनोगत, सूर्य उगवला नाही तर, मी पाहिलेला अपघात. किती मुलांनी अपघात पाहिलेला असतो? ज्यांनी खरोखर पाहिलेला असतो ती त्याविषयी गप्प असतात.

हे दुखणे आजचे नाही. संत ऑगस्टीनने आपल्या 'कन्फेशन्स'च्या पहिल्याच ग्रंथात शाळेतल्या एका लेखनस्पर्धेची हकीकत दिली आहे. ट्रॉयच्या राजाला इटलीपासून रोखता येत नाही म्हणून संतापलेल्या जुनो देवीचे भाषण मुलांनी स्वतःच्या शब्दांत रचून म्हणून दाखवावयाचे होते. जमले तर वाहवा, न जमले तर छडी. लहानग्या ऑगस्टीनला इतरांपेक्षा जास्त टाळ्या मिळाल्या. पुढे बिशप झाल्यावर तो मागे वळून विचारतो की त्या टाळ्यांचा मला काय उपयोग झाला. तो सारा धूर आणि वारा होता. जुनोच्या जागी आपण फाटके पुस्तक बसवले, एवढाच काय तो सोळाशे वर्षांतला फरक.

इथवर मी दुसऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलणे भाग आहे.

२००१ च्या सुमाराची गोष्ट. मी एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. सणाच्या निमित्ताने 'आमची वाडी' या विषयावर निबंध मागवले होते. सातवीतल्या एका मुलाचा दीड पानी निबंध आला. त्यात निसर्गाचा हिरवा गालिचा नव्हता. वडिलांनी वाडी विकली, ट्रकांनी मातीचा भराव आणून बावखल बुजवले, आजी त्या दिवशी जेवली नाही, असे त्याने लिहिले होते. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बावखल म्हणजे आमच्या वाड्यांतले गोड्या पाण्याचे खोल तळे. पूर्वी त्यावर रहाट चाले आणि पाटाने पाणी केळी-पानवेलींना जाई. निबंधाच्या शेवटी एक वाक्य होते ते मला आजही आठवते. वाडी विकल्यापासून बाबा संध्याकाळी नेहमीप्रमाणे मोरीत पाय धुवायला जातात, पण त्यांच्या पायांना माती नसते.

आम्ही तिघे परीक्षक होतो. एका गुरुजींनी 'बावखल' या शब्दाभोवती तीन ठिकाणी लाल वर्तुळ काढून वर 'तलाव' असे लिहिले. दुसऱ्या बाईंनी घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर आणणे बरे नव्हे असे मत दिले. मी काय केले? ते वाक्य मला लागले होते. तथापि त्या वर्षीच्या मंडपाच्या देणगीदारांत त्याच जमिनीचा खरेदीदार होता आणि विजेते निबंध व्यासपीठावरून वाचून दाखवण्याची प्रथा होती. मी तो निबंध गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. पहिले बक्षीस हिरव्या गालिच्याला मिळाले.

एवढ्यावरच भागले असते तर कदाचित मी हे विसरलोही असतो. पण निबंधात काय आहे याची कुजबुज तपासणीच्या खोलीबाहेर गेली. कोणी नेली ते मला ठाऊक नाही; मुलाच्या वडिलांपर्यंत ती पोहोचली एवढे खरे. घरी काय झाले हे त्या मुलाने मला कधी सांगितले नाही. पुढच्या वर्षी त्याने स्पर्धेत भाग घेतला नाही.

दोनेक वर्षांपूर्वी एका अंत्यविधीच्या वेळी तो भेटला. स्वतःचा टेम्पो आहे, भाजीची वाहतूक करतो, चांगले चालले आहे. मुलगी चौथीत आहे म्हणाला. मी विचारले, लिहिते का काही? त्यावर तो हसून म्हणाला, "निबंध पाठ करते, फादर. मीच सांगितलंय तिला, डोक्यातलं लिहू नकोस म्हणून." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या मुलाचे आम्ही दुहेरी नुकसान केले होते. त्याने विश्वासाने सांगितलेले खरे आम्ही ऐकले नाही, आणि जे ऐकले ते सांभाळलेही नाही. येशूसंघीयांच्या शिक्षणाची जी नियमावली १५९९ साली सिद्ध झाली तिच्यात विद्यार्थ्यांचे लेखन तपासण्याविषयी एक लहानसा नियम आहे. शिक्षकाने प्रत्येक मुलाचे लेखन शक्यतो त्याच्याजवळ बसून, खाजगीत आणि हलक्या आवाजात तपासावे. सेमिनरीत आम्हांला लॅटिन शिकवणारे म्हातारे फादर हा नियम अक्षरशः पाळीत. आमच्या चुकांनी भरलेल्या वह्या घेऊन ते एकेकाला खिडकीजवळ बोलावीत, आणि शेजारच्या बाकावरच्यालाही काही ऐकू जात नसे. आपल्या स्पर्धांत याच्या नेमके उलटे घडते. मुलाचे लिखाण आधी ध्वनिक्षेपकावर जाते आणि त्याच्याजवळ बसून ते वाचणारे कोणी नसते.

सेमिनरीच्या ग्रंथालयातच मला एका इटालियन पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर सापडले होते. नाव 'एका शिक्षिकेस पत्र'. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. बार्बियानाची शाळा, एवढेच होते. तेव्हा ते मी चाळून ठेवून दिले. टेम्पोवाल्याची भेट झाल्यानंतर मी ते पुन्हा मिळवून वाचले आणि मला फार लाज वाटली, कारण माझ्यासारख्याच एका धर्मगुरूने माझ्यापेक्षा कितीतरी प्रतिकूल जागी हे काम करून दाखवले होते.

फादर लोरेंझो मिलानी यांना १९५४ च्या डिसेंबरात फ्लॉरेन्सच्या धर्मप्रांताने बार्बियाना नावाच्या डोंगरावरच्या धर्मग्रामात पाठवले. पाठवले म्हणजे अडगळीत टाकले. विखुरलेली थोडीशी शेतकरी घरे, नीट रस्ता नाही. सरकारी शाळेने नापास करून घरी पाठवलेल्या मुलांसाठी त्यांनी आपल्याच घरात शाळा सुरू केली. ती वर्षभर चाले, सुट्टी नसे. त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना शिक्षक-प्रशिक्षणाच्या शाळेत नापास करण्यात आले तेव्हा आठ मुलांनी मिळून त्या शिक्षिकेला पत्र लिहावयाचे ठरवले. त्या पत्राचे पुस्तक झाले आणि १९६७ च्या मे महिन्यात ते प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात फादर मिलानी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी आजाराने वारले.

त्या पुस्तकात मुलांनी शालान्त परीक्षेतल्या एका निबंधाची थट्टा केली आहे. विषय होता: रेल्वेचे डबे बोलत आहेत! वाचताना मी मोठ्याने हसलो. इटलीच्या डब्यांना आणि आमच्या फाटक्या पुस्तकाला एकाच परीक्षकाने बोलायला लावलेले दिसते. डोंगरावरच्या त्या मुलांना वेगळे शिकवलेले होते: सांगण्यासारखे काही असेल तरच लिहावे, आणि कोणासाठी लिहितो आहोत ते आधी ठरवावे.

मग ती लिहीत कशी? प्रत्येकाच्या खिशात एक वही असे. मनात आलेला मुद्दा तिथल्या तिथे टिपावयाचा. प्रत्येक मुद्दा वेगळ्या कागदावर, कागदाच्या एकाच बाजूला. सारे कागद एक दिवस मोठ्या टेबलावर पसरावयाचे. तोच मुद्दा दोनदा आला असेल तर एक कागद काढावयाचा. जवळचे कागद एकत्र करून त्यांचे ढीग करावयाचे आणि ढिगांतून प्रकरणे. त्यानंतर खरे काम सुरू होई, ते छाटणीचे. जास्तीची विशेषणे, पुनरुक्ती, अवघड शब्द, लांबलेली वाक्ये, आणि खोटे. होय, छाटावयाच्या गोष्टींत खोटेपणाही होता, विशेषणांच्या शेजारी. शेवटी बाहेरच्या माणसांना एकेक करून बोलवावयाचे, शक्यतो फार न शिकलेल्यांना, आणि मोठ्याने वाचून दाखवावयाचे. त्यांना कळले नाही तर पुन्हा लिहावयाचे.

यात प्रतिभेचा कोठेही उल्लेख नाही याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. आपल्याकडे 'मुलात उपजतच असावे लागते' हे वाक्य शिक्षकांच्या फार सोयीचे झाले आहे. सुताराच्या हाताखालच्या मुलाला रंधा मारायला शिकवताना कोणी उपजत गुणाची वाट पाहत नाही. मिलानींचे म्हणणे असे की गरिबाला आणि श्रीमंताला सर्वांत जास्त वेगळे करते ती भाषा. ज्याला आपले म्हणणे मांडता येते आणि दुसऱ्याचे समजते तो कोणाच्याही बरोबरीने उभा राहू शकतो. आमच्या वसईत ज्यांनी वाचता न येणाऱ्या कागदांवर सह्या करून वाड्या दिल्या त्यांची आठवण झाल्यावाचून हे वाचताच येत नाही.

फादर मिलानींच्या आधीच्या एका पुस्तकाची विक्री चर्चनेच १९५८ साली थांबवली होती आणि पोप फ्रान्सिस २०१७ च्या जूनमध्ये त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना करण्यास बार्बियानाला गेले. आपल्या घरातल्या खऱ्या माणसाचे ऐकावयास आपल्याला कधी कधी साठ वर्षे लागतात.

आता लाल वर्तुळाविषयी. 'बावखल' प्रमाण नाही म्हणून खोडणाऱ्या गुरुजींवर मला राग नाही. त्यांना तसेच शिकवले गेले होते. परंतु आपल्या ख्रिस्ती मराठी साहित्याचा पायाच मुळी कोणी आणि कसा घातला? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले, गोव्यात आलेले परदेशी. १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्याच्या प्रस्तावनेत ते सांगतात की ग्रंथ मराठीत रचला असला तरी सामान्य लोकांना कळावे म्हणून त्यांच्या नेहमीच्या बोलीतले सोपे शब्द आपण त्यात मिसळले आहेत. जो इंग्रज माणूस भाषा प्रौढपणी शिकला त्याला बोलीची लाज वाटली नाही. आम्ही ती बोली आईच्या दुधाबरोबर घेतलेली आहे आणि आम्हांला वाटते.

लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली आणि मराठी गद्यात तिला तोड नाही असे जाणकार म्हणतात. ती माजघरात बोलल्यासारखी लिहिलेली आहे. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. शेतात आणि जात्यावर त्या गात, मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी ती गाणी टिपून ठेवली, आणि त्या गेल्यानंतर १९५२ साली पुस्तक निघाले. एखाद्या गुरुजींनी त्यांचे लेवा बोलीतले शब्द लाल शाईने सुधारले असते तर आज आपल्या हाती काय उरले असते याचा विचार करा. प्रमाण भाषा मुलांना आली पाहिजे याबद्दल दुमत नाही. ती दुसऱ्या खर्ड्यात यावी. पहिला खर्डा मुलाने आजीशी बोलतो त्या भाषेत लिहावा. सामवेदीत लिहावा, वाडवळीत लिहावा. आधीच पहारेकरी उभा केला तर आत कोणी शिरणारच नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मला पाठ आहेत, कारण त्यांतील काही मी स्वतःच घेतलेले आहेत.

परीक्षेत गुण मिळावयाला हवेत ना, असे पालक म्हणतात. मिळावेत. प्रश्नपत्रिकेत निबंधाला किती थोडे गुण असतात हे पालकांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तेवढ्यासाठी मुलाचा आवाज गहाण ठेवणे परवडते का, हा हिशोब त्यांनीच करावा. दुसरा आक्षेप अधिक जुना व अधिक सयुक्तिक आहे: चांगल्या नमुन्यांचे अनुकरण केल्याशिवाय लिहिता येत नाही. हे मला मान्य आहे. आम्ही लॅटिन असेच शिकलो. परंतु अनुकरण घाटाचे करावयाचे असते, भावनेचे नव्हे. ओवी कशी चालते हे उसने घेता येते. आईवरचे प्रेम उसने घेता येत नाही.

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. मुले खरे लिहू लागली तर घरातली दुःखे बाहेर येतील. ती आपण पेलू शकतो का? त्या बाईंचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते. कबुलीच्या संस्काराचे गुपित प्राणापलीकडे जपण्याची शपथ घेतलेल्या माणसाला तरी हे कळावयास हवे. म्हणून माझे मत असे झाले आहे की मुलाचे लिखाण ही त्याची मालमत्ता समजावी. त्याच्या संमतीवाचून ते वाचून दाखवू नये, छापू नये, शिक्षकांच्या खोलीत त्यावर गप्पा मारू नयेत. स्पर्धा ही यासाठी वाईट जागा आहे. एखाद्या निबंधात मूल संकटात आहे असे दिसले तर तिथे मात्र गुण देऊन गप्प बसणे हा गुन्हा ठरेल. त्याच्याशी शांतपणे बोलून, त्याला सांगूनच, योग्य माणसाची मदत आणली पाहिजे.

गेल्या वर्षापासून रविवारच्या मिस्सेनंतर मी आठ-दहा मुलांना घेऊन बसतो. फार मोठे काही करीत नाही. सुरुवातीला एक अट घातली: सहा आठवडे एकही विशेषण वापरावयाचे नाही. मुले गोंधळली. 'सुंदर' गेले, 'रम्य' गेले, 'हिरवेगार' गेले; मग झाडाविषयी लिहावयाचे तरी काय? एका मुलाने लिहिले की आमच्या दारच्या आंब्याला एक खिळा आहे, त्याला बाबा टॉवेल अडकवतात. मी त्याला खिडकीजवळ बोलावून सांगितले की हे मला दिसले.

कवितेसाठी अभंग घेतला. मोठ्या अभंगात चार चरण. पहिल्या तिघांत सहा सहा अक्षरे, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाला. आम्ही टाळ्या वाजवून अक्षरे मोजतो. सहा, सहा, सहा, चार. शेवटचा चरण आखूड असल्यामुळे तिथे श्वास थांबतो आणि मुलांना त्याची फार गंमत वाटते. 'आई'ला 'साई' व 'घाई' जोडण्याचा मोह होतोच, पण चौथ्या चरणाची चारच अक्षरे त्यांना विचार करायला लावतात. मुक्तछंद मी मुद्दाम मागे ठेवला आहे. लहान मुलाला मोकळे मैदान दिले की ते भांबावते. आखलेल्या चौकोनात ते तासभर लंगडी खेळते. काहींना हे मत जुनाट वाटेल. वाटो.

दहापैकी दोघे महिन्याभरात गळाले. एकाच्या आईने स्पष्ट विचारले, "फादर, याचं सर्टिफिकेट मिळतं का?" मिळत नाही म्हटल्यावर तिने मुलाला ॲबॅकसला घातले. उरलेल्यांतले कोणी कवी होईल असा माझा दावा नाही.

एक गोष्ट मात्र आता बदलली आहे आणि ती माझ्या बाजूने बोलते. कोणत्याही विषयावरचा, कितीही शब्दांचा निबंध मोबाईलवर एका वाक्याची आज्ञा दिली की मिळतो. शुद्धलेखन बऱ्यापैकी, वात्सल्याचा सागर तयार. या वर्षीच्या एकेचाळिसांत असे किती होते हे मला ओळखता आले नाही, आणि याचे कारण यंत्र फार हुशार झाले हे नसून आपण मुलांना आधीच यंत्रासारखे लिहायला शिकवले होते हे आहे. पाठ केलेल्या निबंधाची आता बाजारातही किंमत उरलेली नाही. आंब्याच्या खिळ्याविषयी मात्र ते यंत्र काही सांगू शकत नाही. तो पाहायला त्या दारात राहावे लागते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपण ठिकठिकाणी फलक लावले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले. दोन्ही योग्यच झाले. परंतु त्याच काळात आपल्या संस्थांच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले, आणि इंग्रजी शाळांतून मराठी हा शिपायाने घंटा दिली की संपणारा एक तास झाला. त्याविषयी फलक कोणी लावले नाहीत.

सण समितीचे पत्र गेल्या आठवड्यात आले आहे. पुढल्या स्पर्धेचा विषय 'मोबाईल: शाप की वरदान' असा असून परीक्षक म्हणून माझे नाव परस्पर छापले आहे. मी उत्तरी कळवले की मी येईन. मात्र विषय मुलांनी आपापला निवडावा, लेखन सभागृहात बसून दोन रविवारी दोन खर्ड्यांत व्हावे, बोलीतले शब्द चालावेत, मुलाच्या परवानगीशिवाय काहीही व्यासपीठावरून वाचले जाऊ नये, आणि पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक न काढता प्रत्येक मुलाला त्याचे लिखाण कोणी तरी शेजारी बसून वाचून द्यावे. एवढी माणसे कोठून आणावयाची, असे अध्यक्षांनी फोनवर विचारले. मी म्हटले, मंडप बांधायला आणता तेवढीच पुरतील. समितीची बैठक व्हावयाची आहे.